जुन्या भिंती, नव्या पाट्या : अमेरिकी शहरांच्या नियमांत काय बदलते आहे

अमेरिकेतील लहानमोठ्या शहरांच्या कारभारात एक विषय गेली काही वर्षे पुन्हा पुन्हा पटलावर येतो आहे. मध्यवर्ती बाजारपेठेतील, म्हणजे तेथील बोलीत ‘डाउनटाउन’मधील, ऐतिहासिक इमारतींमध्ये फेरफार कसे करावेत आणि दुकानांवर पाट्या कशा लावाव्यात, याचे स्थानिक नियम नव्याने लिहिण्याचा हा विषय. कार्यक्रमपत्रिकेवर तो ‘ऑर्डिनन्समधील दुरुस्ती’ अशा रुक्ष नावाने येतो. (हा ऑर्डिनन्स म्हणजे आपल्याकडील अध्यादेश नव्हे, नगरपालिकेने रीतसर संमत केलेला उपविधी.) सुनावणीला बहुतेक खुर्च्या रिकाम्या राहतात आणि ज्यांच्यावर या कलमांचा सर्वाधिक परिणाम व्हायचा असतो, त्यांना ती ठाऊक होतात ती हातात नोटीस पडल्यावर.

या मंडळींत आता मराठी नावेही आहेत. मेन स्ट्रीटवरची विटांची दुमजली इमारत घेऊन खाली दवाखाना आणि वर भाडेकरू ठेवणारे दंतवैद्य, जुन्या बँकेच्या जागेत कार्यालय थाटणारे लेखापाल, उपाहारगृह चालवणारी जोडपी, आणि ‘हिस्टॉरिक डिस्ट्रिक्ट’मधील शंभर वर्षांच्या घराच्या प्रेमात पडून ते विकत घेणारी अभियंता कुटुंबे. खिडकी बदलता येईल की नाही, परवानगीची वाट पाहत किती महिन्यांचे भाडे फुकट भरावे लागेल आणि दारावर देवनागरीत नाव लिहिता येईल का, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे याच उपविधीत दडलेली असतात.

राष्ट्रीय यादी आणि गावचा नियम

सर्वांत मोठा गैरसमज आधी दूर केलेला बरा. एखादी इमारत ‘नॅशनल रजिस्टर ऑफ हिस्टॉरिक प्लेसेस’ या राष्ट्रीय यादीत आहे म्हणून तिच्या मालकाचे हात बांधले जातात, असे अनेकांना वाटते. तसे नाही. १९६६ च्या केंद्रीय कायद्याने सुरू झालेली ही यादी मुख्यतः सन्मानाची आणि केंद्र सरकारला स्वतःच्या प्रकल्पांबाबत सावध करणारी आहे. मालक स्वतःचा पैसा वापरत असेल आणि कामात केंद्राची परवानगी किंवा निधी गुंतलेला नसेल, तर केवळ या यादीमुळे त्याला काही करण्यापासून रोखता येत नाही; अगदी इमारत पाडण्यापासूनही नाही. खरे बंधन येते ते शहराच्या किंवा काउंटीच्या उपविधीमुळे. घर घेताना दलाल ‘नॅशनल रजिस्टर’चा उल्लेख अभिमानाने करतो; विचारायचा प्रश्न मात्र वेगळा असतो : ही मालमत्ता स्थानिक पातळीवर नोंदलेल्या ऐतिहासिक विभागात मोडते का?

अशा स्थानिक नियमनाची सुरुवात दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्सटन शहराने १९३१ मध्ये केली. आपल्या जुन्या वस्तीभोवती रेषा आखून तिच्या आतील बांधकामाच्या बाह्यरूपावर देखरेख ठेवणारे मंडळ त्या शहराने नेमले. पण ही कल्पना देशभर पसरली ती एका मोठ्या घातानंतर. न्यूयॉर्कचे पेनसिल्व्हेनिया स्टेशन, गुलाबी ग्रॅनाइटच्या खांबांची ती प्रचंड वास्तू, १९६३ मध्ये पाडायला घेतली गेली. लोकांच्या हळहळीतून १९६५ मध्ये त्या शहराचा वारसा-संरक्षण कायदा जन्माला आला. याच कायद्याच्या बळावर शहराने ग्रँड सेंट्रल स्टेशनच्या डोक्यावर टोलेजंग मनोरा उभारण्यास नकार दिला, तेव्हा मालक कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९७८ मध्ये न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी शहराच्या बाजूने कौल दिला : असे निर्बंध म्हणजे भरपाई न देता मालमत्ता हिरावून घेणे नव्हे.

तेव्हापासून शहरांना हा अधिकार आहे की नाही, हा वाद उरलेला नाही. तो कसा वापरावा, हा मात्र अजून उरला आहे.

‘अनुरूप’ म्हणजे काय?

बहुतेक गावांत पद्धत सारखीच असते. रस्त्यावरून दिसणाऱ्या बाह्यभागात बदल करायचा तर इमारत परवान्याच्या आधी ‘सर्टिफिकेट ऑफ अप्रोप्रिएटनेस’, म्हणजे औचित्याचा दाखला, मिळवावा लागतो. तो देणारा आयोग स्थानिक नागरिकांचा असतो. त्यांत एखादा वास्तुविशारद, एखादा इतिहासप्रेमी, एखादा मालमत्ता दलाल अशी माणसे असतात आणि ती बहुधा बिनपगारी काम करतात. आयोगाची बैठक साधारणपणे महिन्यातून एकदा होते. अर्जाची मुदत दोन दिवसांनी हुकली की काम महिनाभर पुढे जाते. इमारतीच्या अंतर्भागाशी आयोगाचा सहसा संबंध नसतो. स्वयंपाकघर हवे तसे करता येते.

अडचण आहे ती शब्दांची. साठ-सत्तरच्या दशकांत लिहिलेल्या कित्येक उपविधींमध्ये कसोटी म्हणून एवढेच म्हटलेले असते की बदल परिसराच्या स्वरूपाला ‘अनुरूप’, ‘सुसंगत’ किंवा ‘शोभेसा’ असावा. हे शब्द ऐकायला गोड आहेत, पण मोजपट्टी म्हणून कुचकामी. एकाच रस्त्यावरच्या दोन दुकानदारांना एकाच प्रकारच्या दरवाजाबाबत दोन वेगळी उत्तरे मिळतात, कारण मधल्या काळात आयोगाचे दोन सदस्य बदललेले असतात. आणि ज्याचे नाव गावाला परिचित आहे त्याचा अर्ज ‘शोभून दिसतो’, नवख्याचा दिसत नाही, ही शंकाही अशाच मोघम शब्दांच्या सावलीत वाढते. ती शंका दरवेळी खरी असते असे नाही, पण ती खोटी आहे हे दाखवण्याचे साधनही मोघम नियमापाशी नसते.

म्हणून नव्या मसुद्यांत पहिला बदल दिसतो तो कामांच्या वर्गवारीचा. जसेच्या तसे दुरुस्त करणे असेल तर दाखलाच नको. मागच्या बाजूचे वातानुकूलन यंत्र, गटारी-पन्हळी, ठरलेल्या मापाची पाटी अशी किरकोळ कामे असतील तर नगरपालिकेच्या कर्मचाऱ्याने आठवड्या-दोन आठवड्यांत मंजुरी द्यावी. आयोगासमोर केवळ मोठी कामे यावीत. ही सुधारणा सामान्य वाटेल. भाड्याच्या जागेत दुकान उघडण्यासाठी धडपडणाऱ्या माणसाला तिच्याएवढी मोलाची दुसरी कोणतीच सुधारणा नाही.

दुसरा बदल म्हणजे निकष लिहून काढणे. त्यासाठी बहुतेक शहरे केंद्रीय गृहखात्याच्या ‘सेक्रेटरी ऑफ द इंटीरियर्स स्टँडर्ड्‌स’चा आधार घेतात. (अमेरिकेतील हे ‘इंटीरियर’ खाते पोलिसांचे नव्हे, तर सार्वजनिक जमिनी आणि राष्ट्रीय उद्यानांचे, आपल्याकडील गृहखात्याशी त्याचा संबंध नाही.) १९७७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेली ही पुनर्वापराची दहा सूत्रे आहेत. जुने भाग शक्यतो बदलू नका, दुरुस्त करा. बदलावेच लागले तर रूप, पोत आणि जमेल तेथे साहित्यही जुळवा. नवी जोड अशी द्या की उद्या ती काढली तर मूळ वास्तू शाबूत राहील, असा त्यांचा आशय आहे.

त्यातले एक सूत्र भारतीय मनाला जरा अनपेक्षित वाटते. नवीन भाग जुन्याची हुबेहूब नक्कल असू नये. तो जुन्याशी जुळणारा, तरीही नवा म्हणून ओळखू येणारा असावा, असे ते सांगते. हौसेने ‘व्हिक्टोरियन’ थाटाचा नवा सज्जा काढून आणणाऱ्या मालकाला आयोग नकार देतो आणि साध्या, आधुनिक रेषांच्या सज्जाला होकार देतो, तेव्हा त्याला ते कोडे वाटते. कारण सरळ आहे. पाहणाऱ्याला इमारतीचे वय खरे कळावे, खोटा इतिहास उभा राहू नये.

चुना, सिमेंट आणि खिडकी

नियम साहित्याबाबत इतके हट्टी का असतात, हे समजायला विटांच्या भिंतीकडे पाहावे. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी बाजारपेठांच्या भिंती मऊ विटांच्या आहेत आणि त्या विटा चुन्याने जोडलेल्या आहेत. भिंत ओली होते, वाळते, थंडीने आकसते, उन्हाने प्रसरण पावते. ही सगळी हालचाल विटांमधील चुन्याच्या दरजा सोसतात. चुना विटेपेक्षा मऊ आणि सच्छिद्र असल्याने ओलावा त्यातून बाहेर पडतो, आणि काही दशकांनी झिजतो तो चुना, वीट नव्हे. चुन्याची दरज पुन्हा भरता येते. म्हणजे झिजणे हे तिचे कामच आहे.

आता कोणी सद्‌हेतूने या दरजा पोर्टलंड सिमेंटने भरल्या, तर हा सारा क्रम उलटतो. सिमेंट विटेपेक्षा कठीण आणि पाण्याला अडवणारे. ओलावा विटेतून वाट शोधतो, हिवाळ्यात विटेतच गोठतो, आणि विटेचा दर्शनी पापुद्रा फुटून गळू लागतो. पाच-दहा हिवाळ्यांत भिंत खवलेदार होते आणि मग ती पूर्ववत करण्याचा कोणताही उपाय नसतो. वाळूच्या झोताने विटा ‘स्वच्छ’ करणे हाही तसाच प्रकार : भट्टीत विटेवर आलेले कठीण कवच त्याने निघून जाते आणि आतला मऊ गाभा उघडा पडतो. केंद्रीय सूत्रांत सँडब्लास्टिंगचे नाव घेऊन त्याविरुद्ध ताकीद दिलेली आहे, ती याचसाठी. महाराष्ट्रात वाड्यांची डागडुजी पाहिलेल्यांना हे नवीन नाही. घाणीत मळलेल्या चुन्याने बांधलेल्या भिंतींवर सिमेंटचा थर चढवल्यावर आतून दगड-विटा कशा सुटू लागतात, हे त्यांनी पाहिलेले असते.

खिडक्यांचे प्रकरण याहून वादाचे. ऐतिहासिक घर घेतलेल्या कुटुंबाला पहिल्याच हिवाळ्यात वीज किंवा गॅसचे देयक आले की नव्या व्हायनिलच्या, दुहेरी काचेच्या खिडक्या बसवण्याचा मोह होतो. आयोग बहुधा नकार देतो, आणि त्या नकारामागचे कारण कोणी नीट समजावून सांगत नाही. जुन्या, वर-खाली सरकणाऱ्या खिडकीचे लाकूड हे मूळ जंगलांतील संथ वाढलेल्या झाडांचे, घट्ट रेषांचे असते. ती खिडकी सुट्या भागांची असते. दोरी तुटली तर दोरी बदलावी, काच फुटली तर काच, तळचा दांडा कुजला तर तेवढाच. दुहेरी काचेचा बंदिस्त संच तसा नसतो. त्याच्या कडेची खीळ सुटली आणि आत धुके धरले की तो दुरुस्त होत नाही, टाकून द्यावा लागतो. जुन्या खिडकीच्या फटी बुजवून बाहेरून जोड-तावदान, म्हणजे ‘स्टॉर्म विंडो’, लावले तर उष्णतेची गळती पुष्कळ कमी होते आणि खर्चही सहसा कमी येतो. सुज्ञ आयोग नकार देताना हा पर्याय सुचवतात. सगळे आयोग सुज्ञ असतात असे मात्र नाही.

तरीही येथे नियम सैल होत आहेत, आणि ते योग्यच आहे. मागच्या गल्लीकडील खिडकी रस्त्यावरून दिसतही नसताना तिच्यासाठी खास लाकूड मागवायला लावणे म्हणजे वारशाचे जतन नव्हे, छळ. नव्या मसुद्यांत दर्शनी बाजू आणि मागची बाजू यांना वेगळी कसोटी लावली जाते. पर्यायी साहित्याबाबत केंद्राच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने आपली मार्गदर्शक पुस्तिका २०२३ मध्ये सुधारून काढली, तिचाही आधार घेतला जातो. सौर पट्ट्यांबाबतही साधारण असाच तोडगा निघतो आहे : सपाट छतावर कडेपासून मागे सरकवून, किंवा रस्त्यावरून न दिसणाऱ्या उतारावर त्या लावता येतात.

व्यावसायिक इमारतीच्या मालकाने एक आकडा लक्षात ठेवावा, २० टक्के. राष्ट्रीय यादीतील, उत्पन्न देणाऱ्या इमारतीचे प्रमाणित नूतनीकरण केल्यास पात्र खर्चाच्या २० टक्के रक्कम केंद्रीय प्राप्तिकरातून वजा मिळते. २०१७ च्या करकायद्यानंतर ही सवलत एकदम न मिळता पाच वर्षांत विभागून मिळते. खर्च मात्र भरीव असावा लागतो, म्हणजे इमारतीच्या समायोजित मूल्यापेक्षा किंवा ५,००० डॉलरपेक्षा, यांपैकी जे जास्त असेल त्याहून अधिक. स्वतःच्या राहत्या घराला ही केंद्रीय सवलत नाही. काही राज्यांच्या स्वतःच्या सवलती आहेत. काम सुरू करण्याआधी कागद हलले पाहिजेत. आधी खिडक्या फेकून मग अर्ज करणाऱ्याच्या पदरी निराशा येते.

एका चर्चची पाटी

पाट्यांच्या नियमांची फेरलेखणी सुरू होण्याचे कारण अगदी वेगळे आहे, आणि ते ॲरिझोनातील गिल्बर्ट या गावात घडले. ‘गुड न्यूज कम्युनिटी चर्च’ या छोट्या मंडळीला स्वतःची इमारत नव्हती. शाळांमध्ये वगैरे जागा मिळेल तेथे रविवारची प्रार्थना होई, आणि या रविवारी कोठे यायचे हे सांगणाऱ्या छोट्या पाट्या पास्टर क्लाइड रीड यांची माणसे रस्त्याकडेला लावत. गावच्या नियमांत पाट्यांचे मजकुरानुसार प्रकार पाडलेले होते. विचारप्रणाली मांडणारी पाटी २० चौरस फुटांपर्यंत, कितीही काळ. निवडणुकीची पाटी त्याहून वेगळ्या मापाची आणि मुदतीची. कार्यक्रमाची दिशा दाखवणारी पाटी मात्र जास्तीत जास्त ६ चौरस फूट, आणि तीही कार्यक्रमाआधी १२ तास ते नंतर १ तास एवढीच. चर्चवर मुदत ओलांडल्याचा ठपका आला.

२०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायमूर्तींनी चर्चच्या बाजूने निकाल दिला. पाटीवर काय लिहिले आहे यावरून तिला लागू होणारा नियम ठरत असेल, तर तो नियम मजकुरावर आधारलेला ठरतो, आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या सर्वांत कठोर कसोटीला त्याला उतरावे लागते, असे न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी लिहिले. न्यायमूर्ती एलेना केगन यांनी निकालाशी सहमत होतानाच इशारा दिला की या तर्काने देशभरातील हजारो गावांचे साधेसुधे, कोणालाही न दुखावणारे नियमही धोक्यात येतील. ती भीती अनाठायी नव्हती. ‘घर विकणे आहे’, ‘भव्य उद्‌घाटन’, ‘निवडणूक’, ‘गॅरेज सेल’ अशी प्रत्येकाची वेगळी मापे सांगणारी कोष्टके जवळजवळ प्रत्येक गावच्या नियमांत होती.

शहरांनी नेमके काय करावे याचा नकाशा त्याच प्रकरणात न्यायमूर्ती सॅम्युएल अलिटो यांच्या स्वतंत्र मतात सापडतो. पाटीचा आकार, जागा, प्रकाशित की अप्रकाशित, स्थिर मजकूर की बदलता, इमारतीवर लावलेली की जमिनीत रोवलेली, रस्त्याच्या मैलामागे किती, हे सारे शहराला ठरवता येते, असे ते सांगते. म्हणून नवे नियम मजकुराचे नाव न घेता मापांची भाषा बोलतात. ‘तात्पुरती पाटी : इतके चौरस फूट, इतके दिवस’, एवढेच. २०२२ मध्ये टेक्ससमधील ऑस्टिन शहराच्या प्रकरणात न्यायालयाने थोडी उसंत दिली. त्याच जागेवरील व्यवसायाची पाटी आणि दुसरीकडच्या कशाची तरी जाहिरात, हा भेद केवळ पाटी वाचावी लागते म्हणून मजकुरावर आधारलेला ठरत नाही, असा निर्णय त्याने सहा विरुद्ध तीन मतांनी दिला. त्यामुळे महामार्गाकडेच्या जाहिरात फलकांवरील जुने निर्बंध वाचले.

मापे ठरतात कशी, याचे एक सोपे उदाहरण घ्यावे. नियमात दुकानाच्या दर्शनी रुंदीच्या प्रत्येक फुटामागे १ चौरस फूट पाटी मान्य असेल, तर २५ फूट रुंद दुकानाला २५ चौरस फुटांची पाटी मिळते. ती लावायची कोठे, हे जुन्या इमारतीनेच सांगून ठेवलेले असते. काचेच्या दर्शनी खिडकीच्या वर आणि पहिल्या मजल्याच्या खिडक्यांच्या खाली एक आडवा पट्टा असतो, तो मूळच्या बांधणाऱ्याने पाटीसाठीच सोडलेला. पाटी त्यात बसवली की कमानी, खांब, कोरीव काम मोकळे राहते. मुंबईत दादाभाई नौरोजी मार्गावर आभा नारायण लांबा यांच्या पुढाकाराने दुकानांच्या पाट्या कमानींच्या चौकटीत आणल्या गेल्या, तेव्हा अनेकांना त्या रस्त्यावर एवढ्या कमानी आहेत हे प्रथमच नीट दिसले.

आतून उजळणाऱ्या प्लॅस्टिकच्या पेट्या आणि सरकत्या मजकुराचे एलईडी फलक ऐतिहासिक बाजारपेठेत बहुतेक नियम नाकारतात, आणि बाहेरून दिव्याचा झोत टाकलेली पाटी पसंत करतात. त्याबद्दल फारसे भांडण्यात अर्थ नाही. पाटी अडकवताना खिळे विटेत न ठोकता विटांमधल्या दरजांत ठोकावेत, हा नियम तर प्रत्येक मालकाने आपणहून पाळावा असाच आहे. दरज भरून काढता येते, विटेतले भोक नाही.

देवनागरीत लिहिलेले नाव

मराठी दुकानदाराला सतावणारा प्रश्न यापुढचा : पाटी कोणत्या भाषेत असावी, हे गाव सांगू शकते का?

या बाबतीत १९८९ चा कॅलिफोर्नियातील एक निकाल जाणून घेण्यासारखा आहे. पोमोना शहराने उपविधी केला होता की दुकानाच्या पाटीवर परकीय लिपीतील अक्षरे असतील, तर पाटीचा किमान निम्मा भाग इंग्रजी अक्षरांना द्यावा. आणीबाणीत इमारत ओळखता यावी, हे कारण शहराने दिले. आशियाई व्यावसायिकांच्या संघटनेने त्याला आव्हान दिले. माणूस कोणत्या भाषेत लिहितो हे त्याच्या मूळ देशाचे, संस्कृतीचे, वंशाचे प्रकटीकरण आहे आणि त्यावर असे बंधन घालता येणार नाही, असे सांगून तेथील केंद्रीय जिल्हा न्यायालयाने तो उपविधी घटनाबाह्य ठरवला. निकाल जिल्हा न्यायालयाचा असल्याने तो इतर राज्यांतील न्यायालयांवर बंधनकारक नाही. निव्वळ व्यापारी जाहिरातीला तुलनेने कमी संरक्षण आहे, असेही अनेक न्यायालये मानतात. पण गिल्बर्टच्या निकालानंतर लिपीवर थेट बोट ठेवणारा नियम लिहिण्याचा सल्ला कोणताही सावध नगर-वकील देणार नाही. घराचा क्रमांक इंग्रजी अंकांत ठळक लावा, एवढे मात्र शहर सांगू शकते, आणि रुग्णवाहिकेच्या दृष्टीने ते आवश्यकही आहे.

महाराष्ट्रात चित्र नेमके उलटे आहे. तेथे २०२२ च्या दुरुस्तीनंतर सर्व दुकाने-आस्थापनांना देवनागरी लिपीतील मराठी पाटी सक्तीची आहे आणि मराठी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान असता कामा नयेत. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या व्यापाऱ्यांना अंमलबजावणीसाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतातही १ जून २०२५ पासून दर्शनी पाट्यांवर फ्रेंचला ठळक प्राधान्य देण्याचे नियम अधिक कडक झाले आहेत. ज्या समाजाला आपली भाषा आपल्याच घरात मागे पडेल अशी भीती वाटते, तो असे कायदे करतो. अमेरिकी राज्यघटना तो मार्ग गावांना सहसा मोकळा ठेवत नाही. त्याचा लाभ ठाण्याहून आलेल्या माणसालाही मिळतो आणि कोरियाहून आलेल्यालाही.

धोका उरतो तो आडवळणाचा. भाषेचे नाव न घेता ‘परिसराच्या ऐतिहासिक स्वरूपाशी विसंगत’ एवढे म्हणून अर्ज फेटाळता येतो. मोघम शब्दांचा प्रश्न केवळ वास्तुकलेचा नाही, तो येथे उघड होतो. चुना, वीट आणि लाकूड यांबाबत नियम जितका काटेकोर असेल तितका बरा, कारण गेलेले साहित्य परत येत नाही. पाटीवरील शब्द, लिपी, रंगसंगती यांबाबत तो जितका हात आखडता घेईल तितका बरा, कारण पाटी उद्या उतरवता येते. जुन्या उपविधींत बरेचदा याच्या उलट असते : सिमेंटबद्दल अवाक्षर नाही आणि रंगाबद्दल दोन पाने.

नोंदणीकृत बोधचिन्हांचा एक वेगळाच पेच आहे. केंद्रीय व्यापारचिन्ह कायदा म्हणतो की नोंदलेल्या चिन्हात बदल करण्याची सक्ती स्थानिक शासनाने करू नये. याचा अर्थ न्यायालयांनी एकसारखा लावलेला नाही : पश्चिमेकडील नवव्या परिमंडळाने १९९८ मध्ये रंग बदलायला लावणे नाकारले, तर न्यूयॉर्क ज्यात येते त्या दुसऱ्या परिमंडळाने १९९९ मध्ये एका बाजारसंकुलातील पाट्यांच्या समान रंगाची अट मान्य केली. साखळी-दुकानाची फ्रँचायझी घेणाऱ्याने आपले गाव कोणत्या परिमंडळात आहे, हे करार करण्यापूर्वी पाहून घ्यावे. ॲरिझोनातील सेडोना येथे मॅकडॉनल्ड्‌सची कमान पिवळी नसून निळसर हिरवी आहे. तेथे प्रश्न सामोपचाराने सुटला आणि आता पर्यटक तिचीच छायाचित्रे काढतात.

पाटीच जेव्हा वारसा होते

काळाची गंमत अशी की साठ-सत्तरच्या दशकांत सौंदर्याच्या नावाखाली ज्या निऑनच्या आणि रस्त्यावर झुकलेल्या पाट्या हद्दपार केल्या गेल्या, त्यांतल्या वाचलेल्या पाट्यांना आता संरक्षण देण्यासाठी नियम बदलले जात आहेत. भिंतीवर रंगवलेल्या, उन्हापावसाने पुसट झालेल्या साबण-तंबाखूच्या जाहिरातीही त्यांत येतात. राष्ट्रीय उद्यान सेवेच्या जतनविषयक पुस्तिकांपैकी २५ वी संपूर्णपणे ऐतिहासिक पाट्यांवर आहे. न्यूयॉर्कने तर ईस्ट नदीकाठच्या पेप्सी-कोलाच्या भल्यामोठ्या लाल पाटीला २०१६ मध्ये अधिकृत वारसास्थळ घोषित केले. एकेकाळी ज्याला दृश्य-प्रदूषण म्हटले असते, ते आता पाडता येत नाही.

नव्या भाडेकरूला यातून एक व्यावहारिक सावधगिरी घ्यावी लागते. जागेवर आधीपासून असलेली मोठी पाटी बहुधा आजच्या नियमांत बसत नाही. ती केवळ आधीपासून आहे म्हणून चालवून घेतलेली असते. ती उतरवली की तो जुना हक्क संपतो आणि तिच्या जागी निम्म्या मापाची पाटी लावावी लागते. कित्येक ठिकाणी पाटीची चौकट तशीच ठेवून आतील फलक बदलण्यास मुभा असते. कंत्राटदाराला शिडी लावू देण्याआधी हे विचारलेले चांगले.

बोलायचे कोठे आणि कोणाशी

उपविधी बदलण्याची प्रक्रिया आणि एखाद्या अर्जावरील निर्णय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सुशिक्षित माणसेही येथे घोटाळा करतात. नियम लिहिणे हे कायदे करण्याचे काम असते. त्या वेळी नगरसेवकाला फोन करावा, भेटावे, शेजारच्या दुकानदारांसह निवेदन द्यावे. त्यात गैर काहीच नाही. अर्जावरील सुनावणी मात्र बहुतेक राज्यांत अर्धन्यायिक मानली जाते. अर्ज प्रलंबित असताना आयोगाच्या सदस्याला खाजगीत गाठून आपली बाजू सांगणे म्हणजे न्यायाधीशाला घरी जाऊन भेटण्यासारखे. त्याने अर्जाचेच नुकसान होते. बोलायचे ते सुनावणीत, आणि कागदपत्रे द्यायची ती कर्मचाऱ्यामार्फत.

मसुदा नगर-लिपिकाच्या कार्यालयात आणि संकेतस्थळावर सुनावणीच्या आधी उपलब्ध असतो. सुनावणीत प्रत्येकाला बोलायला मोजकीच मिनिटे मिळतात, म्हणून लेखी म्हणणे आधी पाठवलेले अधिक उपयोगी. त्यात ‘नियम जाचक आहेत’ असे म्हणण्यापेक्षा कलमाचा क्रमांक देऊन पर्यायी शब्द सुचवावेत : ‘शोभेसे’ऐवजी अमुक माप, ‘वाजवी वेळेत’ऐवजी अमुक दिवस. भाडेकरूंनाही बोलण्याचा हक्क आहे, आणि बहुतेक ठिकाणी अमेरिकी नागरिकत्व ही त्यासाठी अट नसते. व्हिसावर असलेले अनेक जण उगाचच मागे राहतात.

अर्ज दाखल झाल्यावर आणि निर्णय होण्याआधी नियम बदलले, तर कोणता नियम लागू होणार, याचे उत्तर राज्यागणिक वेगळे आहे. काही राज्ये अर्जाच्या तारखेचा नियम धरतात, काही परवान्याच्या तारखेचा. दुरुस्तीची चर्चा सुरू असताना इमारत घेणाऱ्याने नियोजन विभागाला हा प्रश्न ई-मेलने विचारावा आणि त्यांचे लेखी उत्तर खरेदीखताच्या कागदांसोबत जपून ठेवावे.